हेझलचं पहिलं यंत्र

ही गोष्ट हेझल लार्टर आता हसत हसत सांगते, पण रसेल घरात नसला तरच. रसेल म्हणजे तिचा नवरा. तो आला की ती लगेच बटाट्यांच्या भावावर घसरते.

आमच्या थर्लबी स्टेथ गावात पिकं निघाली, शेतं उघडी पडली की कानांना हेडफोन लावून, हातात लांब दांड्याची मेटल डिटेक्टरची यंत्रं घेऊन माणसं रानोमाळ फिरायला लागतात. कुणाला जुनी नाणी हवी असतात, कुणाला रोमन बकल, कुणाला नुसतंच बायकोपासून चार तास लांब राहायचं असतं. हेझल त्यांना जन्मभर हसत आली. "निघाले बघ जमिनीला इस्त्री करायला!" असं ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची आणि रसेल मान डोलावायचा. त्यामुळे ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी, दुकान उघडायच्या पंधरा मिनिटं आधीच, ती नेव्हिल थर्टलच्या त्या यंत्रांच्या दुकानाच्या पायरीवर उभी दिसली तेव्हा नेव्हिलला वाटलं, बाईंचं दार चुकलं.

"लोकरीचं दुकान पलीकडे, लार्टरबाई."

"मला काय आंधळी समजतोस? मला यंत्र हवंय. जमिनीतलं शोधायचं."

नेव्हिल चाळिशीचा, टक्कल पडलेला, दुकानाचा मालक. पण हेझलनं त्याला शाळेत पाच वर्षं जेवू घातलं होतं, तिथल्या भटारखान्यात तिचा तीस वर्षं शब्द चालायचा. तिच्यासमोर तो अजून ताट पुढे करून उभा असल्यासारखा उभा राहायचा.

"तुम्हाला? यंत्र?" तो म्हणाला. "रसेलकाकांसाठी का, वाढदिवसाला?"

"त्याचा काही संबंध नाही. आणि हे बघ, त्याला यातलं अक्षर कळता कामा नये. कुणालाच नाही. उघड आता ते दार, पाय दुखले माझे."

आता तिला एवढी घाई का होती ते सांगतो. रसेलची आई आयडा. म्हातारी गेली ती मागे एक सोन्याची अंगठी ठेवून, साधी, बारीक, आतल्या बाजूला एक पान कोरलेलं. आयडाची मुलगी इव्हॉन म्हणाली, "आईनं ती मला कबूल केली होती." सून हेझल म्हणाली, "चार वर्षं अंथरुणात मी केलं तिचं. तिनं स्वतःच्या हातानं माझ्या तळव्यावर ठेवलीये." दोघीही खरं बोलत होत्या, कारण आयडा समोर येईल त्याला 'हो' म्हणणारी बाई होती. पण त्या दिवशी कोण कुणाचं ऐकतंय? इव्हॉन जाताना दारातून ओरडली, "लबाड आहेस तू, हेझल. पहिल्यापासून लबाड!" आणि जी लेस्टरला गेली ती अकरा वर्षं फिरकली नाही. नाताळचं कार्ड यायचं, पाकिटावर फक्त रसेलचं नाव. या उन्हाळ्यात रसेलच्या छातीत कळ आली, चार दिवस इस्पितळात काढले, तेव्हा इव्हॉनचा फोन आला आणि नेमका हेझलनं उचलला. मग हेझलच म्हणाली, "ये तू. आणि अंगठी घेऊन जा. मला नको आता ते भांडण." रसेलला एवढंच सांगितलं की इव्हॉन येतेय आणि अंगठी तिची. तो बिचारा दोन दिवस शीळ घालत फिरला. येण्याचा वार ठरला रविवार.

आणि आधीच्या बुधवारी हेझलनं अंगठी डबीतून काढली, दंतमंजनानं घासली, आणि काय बुद्धी झाली देव जाणे, बोटात घातली. शेवटची म्हणून. एक दिवस मिरवू, म्हणाली. अकरा वर्षांत ती वाळली होती, अंगठी बोटात गरागरा फिरत होती, तरी घातली. संध्याकाळी भांडी घासायला साबणाचे हात केले आणि बघते तर बोट मोकळं! तिनं मोरीचा पाइप उघडला, केरसुणी झटकली, कुत्र्याचं अंथरूण उसवलं. अंगठी नाही.

हरवली म्हणून सांगितलं असतं तर? इव्हॉन काय म्हणेल ते हेझलला तोंडपाठ होतं. ऐन द्यायच्या वेळीच बरी हरवली! बाईनं लपवली, दुसरं काय! आणि यात गोम अशी की हेझल जगातलं सगळ्यात खरं वाक्य बोलणार आणि ते सगळ्यात खोटं वाटणार. मग कसली नणंद नि कसला समेट. रसेलची छाती आत्ताच कुठे दुरुस्त झाली होती. त्याला हे दुसऱ्यांदा बघायला लावायचं, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं.

बुधवारी ती तीन ठिकाणी गेली होती. सकाळी बुलिमोरच्या शेतात, बटाटा काढून झाल्यावर मागे राहिलेले बटाटे वेचायला. दुपारी ओहोटीला किनाऱ्यावर, शिंपल्या काढायला. आणि संध्याकाळी गावच्या हिरवळीवर, कापणीच्या मेळ्याचा तंबू उतरवायला, तिथे तर तिनं हातांनी खुंट्या उपटल्या होत्या. गावातल्या यंत्रवाल्यांना सांगितलं असतं तर दहाजण धावून आले असते, माणसं भली आहेत. पण दहाच्या दहाजण संध्याकाळी एकाच गुत्त्यात बसतात, आणि रसेलही तिथेच बसतो.

तर नेव्हिलनं दार उघडलं, दिवे लावले. भिंतीवर यंत्रंच यंत्रं, काळी, पिवळी, लाल.

"कुठे फिरवणार, बाई?"

"शेतात."

"मग हे घ्या." त्यानं एक काळं यंत्र काढलं. "नांगरलेल्या शेतात याचा हात कुणी धरणार नाही. स्वस्तही आहे."

"आणि किनाऱ्यावर."

नेव्हिलनं ते परत टांगलं. "कोरड्या वाळूत का ओल्या?"

"अरे, शिंपल्या काय कोरड्या वाळूत असतात?"

"मग हे चालणार नाही. ओल्या खाऱ्या वाळूवर धरलंत की बोंब मारत सुटेल, काही नसताना. मिठालाच धातू समजतं ते. किनाऱ्यासाठी हे लाल. पाण्यात बुडवा, काही होत नाही."

"आणि गावच्या हिरवळीवर," हेझल म्हणाली.

नेव्हिलनं टकलावरून हात फिरवला. "लाल तिथे वेडं होईल, बाई. हिरवळीत पन्नास वर्षांच्या जत्रांचा कचरा पुरलाय, खिळे, टोपणं, पत्रे. हे यंत्र खिळा नि नाणं शेजारी असले तर सगळं एकच सांगतं. लोक सहसा आधी एक जागा धरतात. शेतवाले शेताचं घेतात, किनाऱ्याचे किनाऱ्याचं. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळीकडे जाणार?"

"मी सगळीकडे गेले होते," हेझल बोलून गेली, आणि जीभ चावली.

नेव्हिलनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं, तिचा अंगठा सारखा एका रिकाम्या बोटाच्या मुळाशी चोळत होता. पोरगा शाळेतही ढ नव्हताच, नुसता आळशी होता. तो आत गेला आणि जुनं, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेलं एक यंत्र घेऊन आला.

"हे एकाच वेळी बऱ्याच लहरी सोडतं. त्यामुळे खारी वाळू असो, शेत असो, डोकं ठिकाणावर ठेवतं. प्रत्येक ठिकाणी पहिल्या नंबरचं नाही, पण सगळीकडे दुसऱ्या नंबरचं आहे. हलकंय, तुमचा खांदा धरणार नाही. म्हाताऱ्या क्रिस्पिनचं होतं, गुडघे गेले म्हणून विकलं त्यानं. नवं घेतलंत तर ओव्हनच्या किमतीचं पडेल."

"आणि जुनं?"

"अर्ध्या ओव्हनच्या."

हेझलनं खरोखरच ओव्हनसाठी पैसे साठवले होते. ती म्हणाली, "ओव्हन जळो. बांध."

त्यानं तिला दुकानामागच्या गवतात नेऊन शिकवलं. पडद्यावर आकडा येतो, कानात आवाज येतो. लोखंड घोगरं बोलतं, चांदी उंच गाते. "आणि सोनं?" हेझलनं भिंतीकडे बघत विचारलं.

"सोनं लबाड असतं, बाई. बारीक अंगठी..." तो खाकरला. "म्हणजे समजा कुणाची बारीक अंगठी असली, तर ती अगदी थंड पेयाच्या डब्याच्या कडीसारखी बोलते. ती ओढून काढतो ना वरची, ती. तोच आवाज, तोच आकडा, चौदा-पंधरा. जगातलं कुठलंही यंत्र तो फरक सांगू शकत नाही. कंटाळून कुणी कड्यांचा आकडा बंद करून ठेवतात, आणि कड्यांबरोबर सोन्यालाही मुकतात. तुम्ही काही बंद करू नका. सगळं खणा. आणि हे." त्यानं काउंटरखालून कमरेला बांधायची एक जाड पिशवी काढली. "निघालेला कचरा परत खड्ड्यात टाकायचा नाही. या पिशवीत घालून घरी न्यायचा. तेवढी एक रीत आम्ही सगळे पाळतो. नाहीतर तीच कडी पुढच्या आठवड्यात पुन्हा खणाल आणि शेतकरीही पुन्हा पाऊल टाकू देणार नाही."

"भटारखान्यात कचऱ्याची शिस्त मी तुम्हाला शिकवली, आणि तू मला शिकवतोस?"

"हो बाई," नेव्हिल म्हणाला. "पिशवी माझ्याकडून."

दुपारी ती बुलिमोरच्या अंगणात गेली. विचारल्याशिवाय कुणाच्या शेतात यंत्र नेणं आमच्याकडे चोरीच. बुलिमोर ट्रॅक्टरखालून बाहेर आला, यंत्राकडे बघितलं आणि पोट धरून हसला.

"हेझल! तूसुद्धा? इस्त्री करायला?"

"मला पण जगू दे की जरा."

"जा, जा. कर. पण नियम ठाऊक आहे ना? जे सापडेल त्यातलं अर्धं माझं."

आयडाच्या अंगठीचं अर्धं! "हो तर," ती म्हणाली, आणि मनात म्हणाली, मेल्या, तुला अर्धा बटाटासुद्धा देणार नाही.

शुक्रवारी सकाळी पाणी ओसरताच ती किनाऱ्यावर गेली. यंत्र काही घरात लपेना, म्हणून रसेलला सांगितलं, नवा छंद लागलाय. तो म्हणाला, "या वयात? बरं झालं, मी तर घाबरलो होतो की तुला गाणं शिकायचंय." तिला हसू आलं नाही. ओल्या वाळूवर तिनं जीव मुठीत धरून यंत्र चालू केलं. ते शांत राहिलं. नेव्हिलवर तिचा विश्वास बसला. तीन तास ती बुधवारच्या जागेवरून उलटसुलट फिरली, गळाची शिसं निघाली, एक चमचा निघाला, कुणाची तरी चष्म्याची दांडी निघाली. चौदाचा आकडा चार वेळा आला. चारही कड्या. मग पाणी परत चढायला लागलं आणि तिला मागे सरावं लागलं. समुद्रानं नेली असेल तर नेली, एवढंच ती स्वतःशी बोलली, आणि डोळे पुसून शेताकडे गेली.

शेतात तिनं सरीन् सरी पालथी घातली. बंदुकीची गोल गोळी, कोटाचं पितळी बटण, ट्रॅक्टरचा बोल्ट. आणि साडेतीनला यंत्र असं गोड, उंच गायलं की नेव्हिलचं आकड्यांचं सगळं ती विसरली. तिनं माती चिवडली. हातात आली चांदीची एक पातळ टिकली, मधोमध कापलेली, एका बाजूला लांब क्रूसाचा पाय. जुन्या काळी मोड नसली की पेनीचे असे दोन तुकडे करायचे. असल्या अर्धुकासाठी आमच्याकडची माणसं दहा-दहा वर्षं चिखल तुडवतात, आणि सापडलं की त्या रात्री गुत्त्यात सगळ्यांना पाजतात. हेझलनं ते बघितलं आणि तिला रडू फुटलं.

"तू कशाला आलीस गं माझ्या वाट्याला?" ती त्या नाण्याला म्हणाली. "तुला कुणी बोलावलं होतं?" आणि खिशात टाकलं.

शनिवारी हिरवळ. गावसमितीच्या चिटणीसबाईंना तिनं सांगितलं होतं की तंबूच्या काही लोखंडी खुंट्या गवतात राहिल्यात, गवत कापायच्या यंत्राचं पातं मोडेल, मी शोधून देते. बाई इतक्या खूश झाल्या की हेझलला लाज वाटली. पाच खुंट्या तिनं खरंच शोधून दिल्या. बाकी सगळं चौदा, चौदा, पंधरा, चौदा. अहो, आमच्या गावानं पन्नास वर्षांत दुसरं काही केलं की नाही कोण जाणे, पण डबे मात्र भरपूर फोडलेत! पहिल्या तासाला ती प्रत्येक ढेकूळ फोडून, माती बोटांनी चोळून बघत होती. दुसऱ्या तासाला नुसतं दाबून बघायला लागली. बारा वाजेपर्यंत तिच्या बोटांची सालं निघाली, गुडघे ओलेचिंब झाले, आणि चौदा म्हणजे कडी हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की चौदा वाजला की ती ढेकूळ उपटायची, खड्ड्यावर यंत्र धरायची, खड्डा गप्प झाला की ढेकूळ तसंच्या तसं, न फोडता, पिशवीत कोंबायची आणि गवताचं झाकण पायानं दाबून पुढे जायची. नेव्हिलनं सांगितलेली सोन्याची गोष्ट ती विसरली आणि पिशवीची तेवढी पाळली. अडीच वाजता हिरवळ संपली. तिनं यंत्र बंद केलं आणि हात टेकले.

घरी येताना तिनं ठरवून टाकलं. लेस्टरला फोन करायचा, आजच. खरं ते सांगायचं. मग म्हणू दे काय म्हणायचं ते.

मागच्या दारानं आत आली. पुढचं दार आमच्याकडे फक्त प्रेतासाठी आणि पाद्र्यासाठी. आणि बघते तर टेबलाशी, टोपी घालून, पर्स मांडीवर ठेवून, इव्हॉन! केस पूर्ण पांढरे, अंग सुटलेलं, पण बसायची तीच ती सरळ पाठ.

"उद्या रविवार, बस नाहीत," इव्हॉन म्हणाली. "दार उघडंच होतं. रसेल कुठाय?"

"क... कुत्र्याला घेऊन गेलाय बांधावर. चहा घेतेस?"

"तुझा अवतार काय हा?"

हेझलच्या अंगावर मानेपासून टाचेपर्यंत चिखल होता. कमरेची पिशवी लोंबत होती. ती पिशवी तिनं सोडली आणि मोरीच्या कट्ट्यावर धप्पकन टाकली. चहा राहिला बाजूला. ती उभ्याउभ्याच बोलायला लागली, थांबलीच नाही.

"इव्हॉन, अंगठी हरवली. बुधवारी बोटात घातली, शेवटची म्हणून घातली, आणि पडली. ढिली झाली होती. तीन दिवस शोधतेय. यंत्र घेतलं त्यासाठी. किनारा, शेत, हिरवळ. मिळाली नाही. मी लपवलेली नाही. रसेलला माहीत नाही. तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. म्हण."

इव्हॉननं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"अकरा वर्षं तुझ्याकडे नीट राहिली," ती म्हणाली, "आणि मी येणार म्हटल्यावर हरवली."

"हो."

"बुधवारी."

"हो."

"वा! वा हेझल. तू बदलली नाहीस हो. मला वाटलं, माणूस म्हातारं झालं की जरा सुधारतं. मी मूर्ख, साडेचार तास बसमध्ये कंबर मोडून घेतली." आवाज चढला होता, पण त्यात रागापेक्षा रडू जास्त होतं, आणि ते हेझलला राग असता त्याहून वाईट लागलं. "सरळ म्हणायचंस ना, देत नाही. हे असलं नाटक, अंगाला चिखल बिखल लावून..."

"नाटक नाही गं."

इव्हॉन उठली. तिला निघायचं होतं, पण रसेलला भेटल्याशिवाय जाता येईना आणि बसवेना. बावीस वर्षं ती डबाबंद वाटाण्याच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी होती, खडे नि सालं निवडायला. तिचे हात रिकामे राहिले की तिला सुचत नसे. ती मोरीपाशी गेली, पिशवीकडे बघून नाक मुरडलं.

"आणि ही कसली घाण ठेवलीस ओट्यावर? खाण्याच्या जागी?"

"कचरा आहे. डब्यांच्या कड्या. राहू दे, मी टाकून येते बाहेर."

"राहू दे काय! मातीसकट टाकणार? कचऱ्याचा डबा गंजेल. तीस वर्षं शाळेत काय केलंस?" इव्हॉननं बाह्या सारल्या, पिशवी पातेल्यात उपडी केली, नळ सोडला. भांडणाच्या तोंडावर दुसऱ्याच्या घरची मोरी साफ करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. हेझल खुर्चीत बसली, तिच्यात आता उठायचं त्राण नव्हतं. इव्हॉन बडबडत होती आणि ढेकळं फोडत होती. कडी बाजूला, माती बाजूला. कडी. कडी. बाटलीचं टोपण. कडी.

मग बडबड थांबली.

नळ चालूच होता. हेझलनं मान वर केली. इव्हॉन पाठमोरी उभी होती, खांदे ताठ. तिनं हळूच हात वर धरला, खिडकीच्या उजेडात. ओल्या, काळ्या बोटांत काहीतरी पिवळं होतं. तिनं ते अंगठ्यानं पुसलं, डोळ्यांजवळ नेऊन आतल्या बाजूला बघितलं.

"पान," इव्हॉन म्हणाली.

हेझल खुर्चीवरून घसरली ती खाली फरशीवरच बसली, आणि लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून, मोठ्यानं रडली. तीन दिवस ती जेवली नव्हती, झोपली नव्हती, मनातलं कुणाशी बोलली नव्हती, ते सगळं एकदम बाहेर आलं. "माझ्या कमरेला होती गं," ती हुंदके देत म्हणत होती. "मी टाकणार होते! आत्ता मी डब्यात टाकणार होते!"

इव्हॉन तिच्याकडे बघत राहिली. असं रडू कुणाला आणता येत नाही, आणि हेझलला तर कधीच नाही, म्हातारीच्या अंत्यविधीलासुद्धा ती ओठ चावून उभी होती. इव्हॉननं नळ बंद केला. जड अंगानं ओट्याला धरून धरून ती खाली फरशीवर तिच्या शेजारी बसली.

"खरंच हरवली होती," ती म्हणाली.

"मग मी काय सांगत होते!"

"खरंच हरवली होती, आणि तू खरंच शोधत होतीस." तिनं हेझलचा हात उचलला, बोटांची सालं बघितली. "अकरा वर्षं मी तुला लबाड म्हणत होते. लेस्टरमधल्या सगळ्यांना सांगितलंय. शेजारच्या पोस्टमनलासुद्धा."

"त्याला काय करायचं होतं?"

"काही नाही. विचारतसुद्धा नव्हता बिचारा."

हेझलला रडता रडता हसू आलं, आणि मग इव्हॉनलाही. दोन म्हाताऱ्या चिखलात बसून खिदळत होत्या. इव्हॉननं अंगठी बोटात घालून बघितली. पहिल्या पेराशीच अडली. दुसऱ्या बोटात, तिथेही अडली. करंगळीत कशीबशी गेली.

"माझ्या बोटातून पडायची तरी भीती नाही," ती म्हणाली.

बाहेर कुत्रं भुंकलं, मागे रसेलची शीळ ऐकू आली. हेझलनं इव्हॉनची बाही धरली. "इव्हॉन, त्याला..."

"गप." इव्हॉननं अंगठी उपसून काढली, हेझलच्या तळव्यावर ठेवली आणि तिची मूठ स्वतः मिटली. "डबीत ठेव जाऊन. उद्या जेवणानंतर दे, सगळ्यांसमोर, ठरलं होतं तसं. पळ."

रसेल दारात आला. एका बाजूला पातेलंभर चिखल, जमिनीवर त्याची बहीण, जिन्यावरून धावत वर जाणारी बायको. त्याला काही उमजेना.

"इव्हॉन! तू आजच? आणि हे काय चाललंय? हेझल, काही सापडलं का गं तुला?"

"तिला काय सापडायचंय," इव्हॉन फरशीवरूनच म्हणाली. "कचरा! पिशवीभर. पण एक आहे हो रसेल, तुझी बायको कचरा रस्त्यात टाकत नाही, घरी आणते. तेवढा गुण आहे तिच्यात. दे मला हात, उठव."

त्या संध्याकाळी हेझलनं रश्शात उकडलेले डंपलिंगचे चार गोळे खाल्ले आणि पाचवा मागितला. नाण्याचं अर्धुक तिनं बुलिमोरला दिलं तेव्हा तो म्हणाला, आता अर्ध्याचं अर्धं कसं करू, ठेव तूच. यंत्राचं काय करायचं, नेव्हिलनं विचारलं, परत घेऊ का? ती म्हणाली, खबरदार हात लावशील तर. तो हसला.

पण ते पुढचं. रविवारी जेवण झालं, बशा बाजूला सारल्या, आणि हेझलनं डबी टेबलावरून इव्हॉनकडे सरकवली. रसेल चष्मा पुसायला लागला. इव्हॉननं डबी उघडली, अंगठी उजेडात धरली, आणि अगदी पहिल्यांदाच बघत असल्यासारखे डोळे मोठे केले.

"अगं बाई!" ती म्हणाली. "किती लख्ख ठेवलीस! अकरा वर्षांत एकदासुद्धा बोटात घातलेली दिसत नाही."

हेझलनं टेबलाखालून तिच्या नडगीवर लाथ मारली, आणि इव्हॉननं तोंड न हलवता तितकीच जोरात परत मारली.